भट्टी विकणे आहे

नाही, खराब झाली म्हणून विकत नाहीये ताई — फोनवरही तुम्ही हेच विचारलंत, आणि मी सांगितलं, एकदम चालू आहे, काहीच करावं लागत नाही. या, आत या, चपला असू द्या, इथं फरशीवर मातीच माती. उजवीकडून या, त्या पिंपाला धक्का नको, त्यात माती भिजत घातलेली असते — असायची. आता काय, बायकोनं सोडलंच ते सगळं. दोन वर्षं झाली. मनगटं दुखायची तिची, डॉक्टर म्हणाले चाकावर बसणं बंद करा, मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं, की वापरात नाही ती वस्तू ठेवून करायचं काय. ही काय खुर्ची आहे थोडीच, कोपऱ्यात सारली आणि विसरलं, अर्धी खोली खाते ही. टेप आणलीय तुम्ही, वा, मोजा की, दारातून निघते, मीच आत आणली होती, मला माहितीये. एक मिनिट हं — नाही, कुणाचा फोन नाही, वेळ बघितली नुसती. बोला.

झाकण? दाखवतो ना, झाकण दाखवतो, पण आत्ता नको, आधी बाहेरून बघून घ्या. हे वर बघा — ती कप्पी. कप्पीवरून तार गेलीय, आणि तारेला मागे लोखंडाचं वजन. लिफ्टला असतं तसंच. झाकण नुसतं उचलायला गेलं तर दोन माणसांचं काम आहे ते, सगळी वीट आहे आतून, पण हे वजन मागे लावलं तर एका बोटानं वर जातं आणि जिथं सोडाल तिथं थांबतं. दुकानातून घेतलेल्या भट्टीला असलं काही नसतं. मी बसवलं. कप्पी जुन्या लिफ्टची, मोडीत निघाली होती, तिला तेल पाजून पाजून सरळ केली. हो, मी लिफ्टचाच माणूस, एकोणीस वर्षं केलं — दुरुस्ती, देखभाल. ही वायरिंगही माझीच, हिच्यासाठी मीटरपासून वेगळी जाड केबल ओढलीय, तुम्हाला तुमच्याकडे करावी लागेल, करून देईन म्हणा हवी तर. नोकरी? सोडली मी. वर्ष होईल. कंटाळलो, दुसरं काय, एकोणीस वर्षं तेच तेच. आता घरूनच बघतो — गुंतवणूक. म्हणजे ते डिजिटल नाणं असतं ना, क्रिप्टो म्हणतात — तुम्ही हसताय. नाही, हसा, सगळे हसतात आधी, मीही हसलो होतो.

कसं ना, आमच्या कंपनीत एक होता, त्याला आम्ही बोका म्हणायचो, डोळे घारे आणि चालताना पायाचा आवाज नाही. एकदा आम्ही दोघं एका ऑफिसच्या इमारतीत, वरच्या मशीनरूममध्ये, दोर बदलायचं काम, आणि हा मधेच फोन काढून हसतोय. म्हटलं काय रे. तर म्हणे, सकाळपासून इथं बसल्या बसल्या माझा चार दिवसांचा पगार झाला. दाखवलं त्यानं मला — एक हिरवी रेघ, आणि ती हलत होती. आता रेघेत बघण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण ती हलत होती ना. मी म्हटलं, बघू, आपणही टाकू थोडे. महिन्याच्या पगाराचा दहावा भाग टाकला, बस, तेवढा तर चहा-सिगारेटला जातो. एकोणीस दिवसांत त्याचे दुप्पट. काही केलं नाही हो मी, काही उचललं नाही, कुठं चढलो नाही, हात काळे झाले नाहीत. आणि एकोणीस वर्षं मी काय करत होतो? — असं मनात आलं. ते एकदा आलं की मग जात नाही.

मी सगळं पगारात मोजतो, सवय लागलीय. तर आधी एक दशांश, मग एक पूर्ण पगार, मग आमची शिल्लक होती सहा पगारांची ती, मग कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढलं. आणि बोका? बोक्यानं मधेच विकून टाकलं. सेकंडहँड गाडी घेतली आणि गप्प बसला. मी त्याला म्हटलं, वेडा आहेस का, आत्ता कुठं सुरुवात झालीय. तर म्हणतो, मला गाडीच हवी होती. एवढंच. मी चार दिवस सगळ्यांना सांगत होतो हसत हसत, की बघा, बोक्याला गाडी हवी होती.

आता लिफ्टच्या कामात काय गंमत असते सांगू, शाफ्टमध्ये नेटवर्क नसतं. चारही बाजूंनी काँक्रीट, फोन म्हणजे नुसती काच. तिथं मी तास तास उभा असायचो, लिफ्टच्या छपरावर, हातात पाना, आणि डोक्यात एकच — आत्ता किती असेल, आत्ता किती असेल. या कामात घाई करून चालत नाही, हे मीच नव्या लोकांना शिकवायचो, आणि मीच घाईनं बोल्ट आवळतोय, का, तर गच्चीवर जायचंय. गच्चीवर नेटवर्क छान. मग मी गच्चीवर जायची कारणं शोधायला लागलो. वरचं कुलूप तपासतो, टाकीकडून पाणी झिरपतंय का बघतो. दिवसातून आधी दोनदा, मग दहादा. दुकानं बंद होतात हो, बँका बंद होतात, रविवार तरी असतो माणसाला — याला रविवारसुद्धा नाही. जेवताना घास हातात आणि दुसऱ्या हातानं मांडीवर फोन. लेक म्हणायची, बाबा मांडीशी बोलतायत. पंधरा वर्षांची आहे, जीभ तिखट आहे तिची.

एक मिनिट — नाही, काही नाही. वाढलंय जरा. गेल्या सोमवारपासून वाढतच चाललंय. म्हणून तर — असो.

भट्टी बघताय ना तुम्ही? बघा, बघा, आतल्या तापायच्या तारा पण बघा — म्हणजे झाकण उघडल्यावर. थांबा, नंतर उघडू म्हटलं ना. सांगत होतो काय, तर मागच्या वर्षी, वर्षाच्या सुरुवातीला, माझ्या नावावर किती होते सांगू? एकशे बारा पगार. नऊ वर्षं चार महिने घरी बसून खाल्लं असतं आम्ही. मी रस्त्यानं चालताना लोकांकडे बघायचो आणि वाटायचं, यांना कुणाला माहीत नाही. घरी सांगितलं त्या दिवशी. ही समोर बसली होती, कपांना कान लावत होती, मातीचे कान — ते कसं लावतात तुम्हाला माहीतच आहे, दोन्हीकडे ओरखडे काढून, मधे ओली माती. मी म्हटलं, एकशे बारा. तिनं हातातला कान लावून होईपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाली, "अर्धं काढून घे." म्हटलं, अगं अजून वर जाणार आहे. "जाऊ दे वर. अर्धं काढून घे, अर्ध्याला जे करायचं ते कर." बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तिनं, काढलंस? मी म्हटलं, काढलं.

नव्हतं काढलं. काढणार होतो. रोज काढणार होतो, पण रोज सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा जास्त असायचं, मग काल काढलं असतं तर केवढं नुकसान झालं असतं, असा हिशोब. आणि ही बिचारी जागा बघून आली. मी काढलेल्या त्या अर्ध्यातून घ्यायची म्हणून. तिला मोठ्या खिडक्यांची जागा हवी होती, कामासाठी वेगळी, इथं ही अशी एकच खिडकी, दुपारीही दिवा लावावा लागतो. एक बंद पडलेलं दुकान मिळत होतं, रस्त्याच्या टोकाला. तिथं तिनं खडूनं जमिनीवर खुणा करून ठेवल्या होत्या — चाक इथं, मांडणी इथं, भट्टी इथं. मला घेऊन गेली दाखवायला. मी त्या खडूच्या चौकोनात उभा राहिलो आणि म्हटलं, केबल या भिंतीवरून आणता येईल. असं सगळं अगदी सहज बोललो. बोलताना मला खरंच वाटत होतं की मी काढलेत पैसे.

मग पडायला लागलं. का पडलं ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही, तेव्हा हजार जण हजार कारणं सांगत होते. अकरा दिवस. एकशे बाराचे नऊ. आणि मी टाकले होते किती? चौदा, सगळे मिळून. चौदांत लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेले तीन होते, ते मी मघाशी मोजले नाहीत.

अहो — नको, झाकण नको — बरं. बरं, उघडलंत. बघितलंत ना. एका बोटानं जातं म्हटलं नव्हतं का.

कप आहेत ते. दिसतायत मला. कच्चे आहेत, हात नका लावू, म्हणजे लावा, तुम्हाला कळतं, मला नाही कळत. मी सकाळी काढायला गेलो, बाहेर ठेवावेत म्हणून, तर पहिल्याच कपाचा कान माझ्या बोटात आला. वाळलेली माती इतकी ठिसूळ असते ते मला ठाऊकच नव्हतं, इतकी वर्षं बघतोय. तो बघा तिथं खिडकीत ठेवलाय. मग बाकीच्यांना हात लावला नाही. अठ्ठेचाळीस आहेत. आता सत्तेचाळीस. दोन वर्षांपूर्वीचे? हो, तेव्हाचेच असतील — नाही. वही कशाला, ती तिची वही आहे, किती वेळा भट्टी लावली त्याची नोंद असते, तारा किती झिजल्या ते कळायला — वाचा. वाचा, शेवटचं पान वाचा. मागच्या मंगळवारची तारीख आहे ना? बरोबर आहे ती.

बसा तुम्ही. ते स्टूल घ्या. मी उभाच बरा.

मनगटं नाही दुखत तिची. आईकडे गेलीय ती, लेकीला घेऊन, तिच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, आठ दिवस तिथं राहायचं, शुक्रवारी येईल. आणि हे कप एका कॅफेचे आहेत, चांगलं गिऱ्हाईक आहे, कपामागे कप मागवतात. तिला माहीत नाही मी जाहिरात दिलीय ते. माहीत नाही म्हणजे तिच्या मनातसुद्धा येणार नाही. ही भट्टी घ्यायला तिला सात वर्षं लागली हो. आधी ती कच्ची भांडी मांडीवर घेऊन बसनं जायची, गावाच्या त्या टोकाला तिला शिकवणाऱ्या बाईंची मोठी भट्टी होती तिथं. बस थोडी जोरात वळली की मांडीवरच्या खोक्यात टिक् आवाज व्हायचा. घरी येऊन सांगायची, आज तीन गेले, आज पाच गेले. हसत सांगायची. म्हणून मी ती कप्पी बसवली होती, तेव्हा मला दुसरं काही देता आलं नव्हतं.

आणि नोकरी मी नाही सोडली.

सांगतो. तेवढंच राहिलंय, ऐकून घ्या. ते पडायला लागलं त्याचा चौथा दिवस होता. राहती इमारत, दहा मजली, सहाव्या मजल्यावरच्या दाराचं कुलूप नीट लागत नव्हतं. असलं काम करताना लिफ्ट वर नेऊन बंद करून ठेवायची, दार चावीनं उघडायचं, पाचर लावायची, आणि समोर आडवी फळी — पिवळी असते, पट्ट्या मारलेली. फळी आधी लावायची, मग दार उघडायचं. हे मी लोकांना शिकवायचो. त्या दिवशी फळी खाली गाडीतच होती, म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. पाचर लावली, दार उघडं केलं, आणि कुलपाचा खिळा काढता काढता वाटलं, बघून यावं. गच्ची चार मजले वर. एकदा बघून येतो आणि मग शांतपणे करतो, असं वाटलं. शांतपणे करायला म्हणून गेलो मी.

गच्चीवर रेघ खाली येत होती. मी काही विकलं नाही, काही घेतलं नाही. नुसता बघत होतो. किती वेळ झाला काही कळलं नाही. मग खालून कुणीतरी काहीतरी बोलल्याचा आवाज आला, ओरडण्याचा नाही, आणि एकदम आठवलं. जिने उतरताना माझे पाय कुठं पडत होते मला माहीत नाही.

एक बाई होती. सहाव्या मजल्यावरचीच, धुतलेल्या कपड्यांची मोठी टोपली दोन्ही हातांत, हनुवटीपर्यंत, पुढचं काही दिसत नव्हतं तिला. ती जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, दारापासून एवढ्यावर — ह्या स्टुलापासून त्या भिंतीएवढ्यावर. टोपली आडवी. टोपलीचा काठ दाराच्या चौकटीला अडकला म्हणून ती मागे पडली, नाहीतर — एका पायात चप्पल नव्हती. तो पाय ती बघत होती. मी काय बोललो असेन, काही आठवत नाही. ती मला म्हणाली, "मला वाटलं समोर लिफ्ट आहे. दार उघडं होतं ना." समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, जणू तिचीच चूक झाली. मी खाली गेलो, तळातल्या खड्ड्यात उतरलो, ती चप्पल घेऊन आलो. निळी, साधी, घरात घालायची. तिच्यासमोर ठेवली. तिनं घातली. मग तिचे कपडे उचलून दिले मी टोपलीत, लहान लहान कपडे होते त्यात, ओले.

तिनं तक्रार केली नाही. आमच्या साहेबांना इमारतीच्या कॅमेऱ्यात दिसलं. मला बोलावून दाखवलं त्यांनी, सगळं, पुढे न ढकलता. त्रेचाळीस मिनिटं. त्रेचाळीस मिनिटं ते दार तसं उघडं, आणि तेवढ्यात त्या दारासमोरून सात जण गेले. मी मोजले. एक म्हातारा काठी टेकत गेला. दोन मुलं तर थांबून आत वाकून बघून गेली. साहेबांनी माझी हत्यारांची पेटी टेबलावरून स्वतःकडे ओढून घेतली. बोका दाराशी उभा होता.

घरी येऊन सगळं सांगितलं हिला. सगळं म्हणजे हे. ही माती मळत होती. तिनं पहिलं काय विचारलं सांगू? "त्या बाईला लागलं का?" नाही म्हटलं. मग थोड्या वेळानं, "अर्धं काढलं होतंस ना?" मी हात धुवायला उठलो. तिला कळलं. माती मळत राहिली, जेवढी हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. सकाळी माझ्यासमोर त्या दुकानवाल्याला फोन केला, जागा नको म्हणून. कारण सांगितलं नाही, नुसतं नको म्हणाली, आणि त्यानं विचारलं असावं, तर म्हणाली, तुमची फरशी मी पुसून जाईन. खडूच्या खुणा होत्या ना. मी जाऊन पुसतो म्हटलं, तर म्हणाली, राहू दे.

मी शपथ घ्यायला निघालो होतो. लेकीची घेतो म्हटलं. तिनं घेऊ दिली नाही. म्हणाली, "शपथ नको. मला खोटं सांगू नकोस, तेवढं बस." अकरा महिने नाही सांगितलं. खरंच. फोनमधून ते सगळं काढून टाकलं, उरलेले नऊ तिथंच पडू दिले, बघितलंसुद्धा नाही. ती कप करते, मी खोक्यात भरतो, पोचवतो, पेपर कसा गुंडाळायचा ते आता मला तिच्यापेक्षा चांगलं जमतं. अकरा महिने हे घर हिच्यावर चाललंय — हिच्यावर म्हणजे, या भट्टीवर. कर्जाचे हप्तेही. दुसऱ्या कंपन्यांत जाऊन आलो, पण या धंद्यात असली गोष्ट लपत नाही, आणि लपू नये.

मग गेल्या सोमवारी. कप द्यायला त्या कॅफेत गेलो होतो, खोकं ठेवलं, सही घेत होतो, आणि शेजारच्या टेबलावर दोन पोरगे बोलत होते. परत सुरू झालंय म्हणे, या वेळी थांबणार नाही. एवढंच ऐकलं. मी त्यांच्या संडासात गेलो, कडी लावली, आणि फोनवर ते सगळं परत घेतलं. उभ्या उभ्या. माझे नऊ पडून पडून चार झाले होते, आणि त्या दिवशी चाराचे पाच झाले. बघा, तेव्हाच्या तेव्हा कळलं मला, हे तळातून वर येतंय. या वेळी मला माहितीये काय करायचं. या वेळी चूक होणार नाही. मागच्या वेळी मी उशिरा शिरलो होतो, तिथंच चुकलं. आता हाताशी थोडी रक्कम हवी फक्त, आणि मला कोण देणार, पतपेढी तर माझा चेहरा बघत नाही. म्हणून — आज मंगळवार. तुम्ही आज भट्टी नेलीत, आजच मी पैसे टाकले, बुध, गुरु, शुक्रवारी ही येते संध्याकाळच्या गाडीनं. या वेगानं तीन दिवसांत दुप्पट होतात. मग शुक्रवारी सकाळी नवी भट्टी. मोठी, हिच्यापेक्षा मोठी, मी बघूनही ठेवलीय, ते त्याच दिवशी आणून देतात. तिला सांगायचं, बघ, तुझ्यासाठी. कप्पी मी परत बसवतो, तासाभराचं काम आहे. खोटं नाही ते. खोटं कुठं आहे त्यात?

असं बघू नका हो.

काय? किती — किती झालं की थांबणार? आहे ना, आकडा आहे. असं कसं, आकड्याशिवाय कुणी — आधी म्हणजे भट्टीपुरते. मग कर्ज फिटेपर्यंत, ते तर धरायलाच हवं. लेकीचे तीन. आणि तिथवर गेलंच असेल तर मग ती खिडकीवाली जागा, ती अजून रिकामीच आहे, मी येता-जाता बघतो. आणि तेवढं वर गेलं तर त्याचा अर्थ ते अजून — तर मग — थांबा, सांगतो.

नाही सांगता येत.

पाव किंमत कमी करतो. बरं, तिसरा हिस्सा कमी करतो, घ्या. आत्ता न्या. ताई, मी आत्ता किंमत कमी केली ना, तर पहिलं काय मनात आलं सांगू — त्यात किती नाणी कमी येतील. तुम्ही अजून हो म्हणाला नाहीत आणि माझी खरेदी करून झाली. तुम्ही दारात टेप काढलीत तेव्हाच झाली होती. मी त्या बाईचं सांगत होतो, तिच्या चपलेचं सांगत होतो, तेव्हासुद्धा दोनदा बघितलं मी. तुम्हाला दिसलं ना? मला वाटलंच, दिसलं असेल.

हा कागद वाचता का. इथं चिकटवलाय, बटणांच्या वर, तिचंच अक्षर. 'मंगळवारी दहाला सुरू कर, तीन नंबर, झाकणाखाली फटीसाठी ठेवलेली चकती दोन तास तशीच ठेव, मग काढ.' पावणेबारा झालेत. सकाळपासून मी इथं उभा राहून हा कागद वाचतोय. तुम्हाला येते ना ही सुरू करता? येणारच. एकदा ही तापली की उद्या संध्याकाळपर्यंत हात लावता येत नाही, झाकण उघडलं तर आतलं सगळं तडकतं, तेवढं मला माहितीये. तापलेली भट्टी कुणी उचलून नेऊ शकत नाही. दुपारी चारला दुसरा एक जण येणार आहे, तुमच्यापेक्षा जास्त देतो म्हणाला, त्याच्याकडे टेम्पो आहे. येऊ दे त्याला.

तो कान मोडलेला कप राहू दे बाहेर. झाकण मी खाली घेतो, चकतीवर, हां, हळू. आता तुम्ही दाबा. नाही, तुम्हीच दाबा. मी दाबलं तर मीच परत बंद करीन, तुम्ही गल्ली ओलांडायच्या आत. तीन नंबर. मग ते हिरवं.

झाली?

तुमचा वेळ गेला, टेपबिप घेऊन आलात. तुम्हाला खरंच भट्टी हवी असेल तर शुक्रवारनंतर हिला फोन करा, जुन्या भट्ट्या कुठं मिळतात ते तिला सगळं माहीत असतं, नंबर जाहिरातीत आहे तो माझा, तिचा देतो — नाही, तुम्ही तिला सांगू नका. मी सांगतो. आज संध्याकाळी ती फोन करेल, भट्टी लावलीस का विचारायला, तेव्हा सांगतो. जाहिरातीचंही सांगतो. बघू, सांगतो. फोन तुमच्याकडे देऊन टाकावा असं मनात येतंय, पण मग तिचा कसा यायचा.

निघा आता. पाणी नको, काही नको, मी नाही बसत. कुणी समोर असलं की मी बोलतच राहतो, आणि बोलता बोलता परत कुठं पोचेन सांगता येत नाही. पिंप सांभाळून जा. आणि दार नुसतं लोटू नका, उघडतं ते परत — बाहेरून घट्ट ओढून घ्या. अजून. हां. जा.